एकादशी, दिवे घाट आणि अडीचशे पानं

पायी वारीत दिंडीच्या व्यवस्थापकाच्या हातात तसं फार काही नसतं. ज्ञानेश्वर माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीलाच व्हायचं आणि पंढरपुरात आषाढ शुद्ध दशमीलाच पोचायचं. मुक्काम कुठं, विसावा कुठं, कोणती दिंडी कुणाच्या मागं, हे सगळं हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ साली सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासून घडत आणि बसत आलेलं. आम्हाला उरतं ते पाणी, पान आणि पाठ टेकण्यापुरती जागा. पण तेवढ्यातच वर्ष सरतं. माघात पहिली बैठक होते, चैत्रात जागा बघून यायच्या, वैशाखात भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, गोळा करायची आणि ट्रक ठरवायचा, ज्येष्ठ लागला की वाहनाचे पास आणि माणसांच्या याद्या. या सगळ्याची खरी परीक्षा होते ती वद्य एकादशीला. त्या दिवशी पुण्याहून सासवड गाठायचं असतं. तीस किलोमीटरच्या आसपासची मजल, वारीतली सगळ्यात लांब. वाटेत दिवे घाट. आणि यच्चयावत सगळ्यांना उपास. त्या दिवसाचा हा हिशेब.

पहाटे दीड

पुण्यात माउलींचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो, तुकोबारायांचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला. आमची दिंडी परभणीकडची, रथामागची. आमचा मुक्काम तिथून अर्ध्यापाऊण तासावरच्या एका शाळेत. शाळेत स्वच्छतागृहं सहा आणि माणसं अडीचशे. म्हणून सगळ्यांना एका वेळी उठवायचं नाही. दीडला बायका, अडीचला पुरुष, तीनला टाळकरी आणि पखवाजवाले. टाळकऱ्यांना रात्री कीर्तनामुळे झोपायला उशीर होतो, त्यांची तेवढी सवलत. ही वेळापत्रकं कुठल्या पुस्तकात सापडत नाहीत, रांगेत उभं राहूनच सुचतात.

आचारी केव्हाच उठलाय. वीस किलो साबुदाणा काल संध्याकाळी भिजत घातला होता, दाण्याचं कूट दहा किलो. साबुदाण्याची मोठी कढई भरायचा मोह आवरावा लागतो. एका वेळी चार-पाच किलोच्या वर टाकला की खालचा लागतो आणि वरचा गोळा होतो. म्हणून दोन शेगड्या आणि एकामागून एक घाणे. पहिला घाणा दोन वाजता तयार पाहिजे.

खिचडीत कोथिंबीर घालायची का, यावर दरवर्षी चर्चा होते. काहींना उपासाला चालते, काहींना नाही. कुणाला जिरं चालतं, कुणाला साधं मीठ चालत नाही. आमचा नियम सोपा आहे. ज्याचा उपास सगळ्यात कडक, त्याला जे चालत नाही ते कढईत पडणार नाही. म्हणून आमच्या खिचडीत शेंदेलोण, मिरची, तूप आणि कूट एवढंच. बेचव लागते अशी तक्रार येते, पण पान सोडून कुणी उठत नाही.

पहाटे अडीच

आता दिवसातलं पहिलं अवघड काम. साठीच्या पुढची माणसं, गुडघ्याची दुखणी असलेली आणि ज्यांना शुगर आहे ती, असा चाळीसेक जणांचा गट पालखीच्या आधी काढायचा. तीनला शाळा सोडली तर साडेपाचच्या आत हडपसर, आठ-साडेआठला वडकी नाला आणि ऊन चढायच्या आत घाट. हीच माणसं दिंडीबरोबर निघाली तर घाटाच्या पायथ्याला दुपारी तीनला येतात, दमलेली आणि उपाशी. शिवाय दिंडीत चालायचं तर थांबता येत नाही. मागच्या दिंडीचे झेंडेकरी पाठीवर येतात.

शुगरवाल्यांची नावं यादीत लाल शाईत आहेत. दिंडीच्या महाराजांनी काल रात्रीच्या प्रवचनात बजावून सांगितलंय की गोळी घेऊन उपाशी चालायचं नाही, आणि गोळी चुकवूनही नाही. त्यामुळे आज खिचडी सगळ्यात आधी यांच्या पानात. प्रत्येकाच्या पिशवीत दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू आणि खडीसाखरेची पुडी. गळ्यात कार्ड आहे. त्यावर दिंडीचा क्रमांक, माझा आणि घरच्यांचा फोन. बरोबर तीन तरुण पोरं, त्यातला एक शेवटच्या माणसाच्या मागं चालणार, पुढं जायचं नाही अशी ताकीद देऊन.

गट निघाला. तुळस डोक्यावर घेणाऱ्या आजी मात्र भिंतीला टेकून बसून राहिल्या.

"आजी, चला की. गट गेला."

"जाऊ द्या. म्या दिंडीसंगं येते."

"घाट चढायचाय. दुपारचं ऊन सोसणार नाही."

"ऊन माझ्या वळखीचं हाय, माउली."

पहाटे तीनला वाद घालून उपयोग नसतो. मी यादीत त्यांच्या नावापुढचा गट बदलला आणि एका टाळकऱ्याला सांगितलं, आजीकडं लक्ष ठेव.

पहाटे चार

ट्रक भरणं म्हणजे निम्मी वारी. जे सासवडला आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं. म्हणून खाली वळकट्या, त्यावर पिशव्या, मग डेगा, पातेली आणि धान्याची पोती. सगळ्यात वर आणि फळीजवळ ताडपत्र्या, बांबू, खुंट्या, घण, दोरखंड आणि जनरेटर. मुक्कामाला पोचल्या पोचल्या पाऊस आला तर आधी ताडपत्री हाताला लागली पाहिजे. ती सामानाखाली असली तर अडीचशे अंथरुणं भिजतात आणि मग पुढचे तीन दिवस दिंडी कुबट वासात झोपते.

वळकटीवर ऑइलपेंटनं नंबर घातलेला असतो. नाव घालून चालत नाही, कारण एकाच नावाच्या चार-पाच बायका प्रत्येक दिंडीत असतात. नंबर राहुटीप्रमाणे आहे, त्यामुळे ट्रकमधून उतरवतानाच वळकट्यांचे ढीग आपोआप वेगळे पडतात.

ट्रकचा रस्ता हा वेगळा विषय. आज दिवे घाट वाहनांना बंद असतो. बोपदेव घाट जवळचा, पण वळणं आणि चढ पाहता भरलेला ट्रक तिकडून घालायचं धाडस आमचा चालक करत नाही. तो कात्रजवरून कापूरहोळला जातो आणि तिथून नारायणपूरमार्गे सासवडला उतरतो. वळसा मोठा आहे, पण साडेचारला निघाला की आठच्या आत जागेवर लागतो. बरोबर आचारी, दोन मदतनीस आणि तंबू ठोकणारी चार पोरं. त्यांच्या हातात कागदावर काढलेला नकाशा. राहुट्या कुठं, चूल कुठं, टँकर कुठून आत येणार, बायकांच्या राहुट्या दिव्याजवळ, आणि कुठल्याही राहुटीचं तोंड उताराच्या बाजूला नाही.

फोन आहेत, पण ते संध्याकाळपर्यंत उपयोगाचे नाहीत. घाटात लाखो माणसं एका वेळी आली की फोन लागेनासा होतो. म्हणून जे ठरवायचं ते शाळेच्या अंगणातच. "नंतर फोन करून सांगतो" हे वाक्य आज कुणी बोलायचं नाही.

सकाळी सहा

पहिला कर्णा वाजला की तयार व्हायचं, दुसऱ्याला रांगेत उभं राहायचं, तिसऱ्याला चालायचं. भवानी पेठेच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये रथामागच्या दिंड्या आपापल्या क्रमानं लागत असतात. रथापुढं २७, रथामागं २००च्या वर. आपली जागा चुकली तर मध्ये घुसता येत नाही. कुणी घुसू देत नाही आणि घुसणं शोभतही नाही.

दिंडीची आतली रचनाही ठरलेली. पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या दोन ओळी, मध्ये पखवाज, त्यांच्यामागं विणेकरी, आणि मग तुळशीवाल्या, हंडेवाल्या आणि बाकीच्या बायका. पहाटेच्या भूपाळ्यांपासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत कोणत्या वेळी काय म्हणायचं हेही ठरलेलं. वाराप्रमाणे अभंग बदलतात. त्यामुळे जुन्या टाळकऱ्याला घड्याळ लागत नाही. गौळणी सुरू झाल्या की तो समजतो, आता न्याहरीचा विसावा जवळ आला.

मी या रचनेत कुठंच नसतो. कधी पताकांच्या पुढं, कधी शेवटच्या बाईच्या मागं. चालताना माणसं मोजायची नाहीत, मोजून हाती काही लागत नाही. मी फक्त ठरावीक दहा चेहरे शोधतो. हे दहा जण मागं पडणारे. ते दिसले म्हणजे बाकीचे असतातच.

सकाळी आठ

वानवडीत शिंदे छत्रीपाशी पालखी थांबते, आरती होते. महादजी शिंद्यांचं हे स्मारक. माउलींच्या वारीशी सरदार घराण्यांचा संबंध जुना आहे. सोहळ्यात धावणारे अश्व आजही अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. इथं जेमतेम अर्धा तास मिळतो. तेवढ्यात टाळकऱ्यांना पाणी, पखवाजाच्या शाईवर कापड, आणि कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला असेल तर सुतळी. चप्पल तुटणं ही किरकोळ गोष्ट नाही. तुटक्या चपलेनं एक किलोमीटर चाललेला माणूस संध्याकाळी टाच घेऊन बसतो.

सकाळी साडेनऊ

हडपसर. पुणेकर आणि हडपसरकर रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे. केळी, चिक्की, राजगिरा, खजूर, पाण्याच्या बाटल्या, चहा, रेनकोट, औषधाच्या पुड्या. कुणी पाय दाबून देतं, कुणी चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं. देणाऱ्यांचा भाव खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण इथं एका माणसाच्या हातात पाचवं केळं येतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही, कारण समोर लहान मुलगी असते आणि तिची आई म्हणते, "घ्या ना माउली, तिच्या हातचं." मग ती केळी पिशवीत काळी पडतात आणि साली रस्त्यावर येतात. आणि याच माणसांना पाच तासांनी घाटाच्या निम्म्यावर घोटभर पाणी मिळत नाही.

देणारा जिथं राहतो तिथं देतो, हे स्वाभाविकच. चालणाऱ्याला गरज मात्र तिथं असते जिथं कुणी राहत नाही. या दोन जागांमधलं अंतर कमी करणं हेच माझ्या मते व्यवस्थापकाचं मुख्य काम, बाकी सगळी हमाली.

म्हणून वैशाखात मी हडपसरच्या एका मित्रमंडळाच्या लोकांना जाऊन भेटलो. ते दरवर्षी आमच्या दिंडीला इथं फराळ देत. त्यांना म्हटलं, "माउली, हडपसरला देऊ नका. झेंडेवाडीला द्या."

"तिथं आम्हाला कोण ओळखतं? इथं आमची माणसं बघतात, पोरं हात लावतात."

"पोरांना घेऊन या. पण आदल्या दिवशी सासवडकडून टेम्पो वर आणून लावा. घाट बंद झाला की वर काही येत नाही."

ते जरा नाराज झाले, पण कबूल झाले. आज इथं त्यांचा मंडप नाही, याचा मला खरं तर आनंद वाटतो.

हडपसरलाच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबाराय सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं, माउली सासवड रस्त्यानं दिवे घाटाकडं. इथं चुकामूक होते ती नवख्यांची. गर्दीबरोबर वाहत जातात आणि पुढं गेल्यावर कळतं की आपण तुकोबारायांच्या दिंड्यांत चालतोय. आमच्या नवख्यांना सांगून ठेवलेलं असतं की हडपसरला आपली पताका नजरेआड होऊ द्यायची नाही, आणि कुणी चहा दिला तर चालत चालत प्यायचा.

दुपारी एक

उरुळी देवाची मागं टाकून वडकी नाला. इथं मोठा विसावा. पालखी विसावली की दिंड्या आजूबाजूच्या रानात, झाडाखाली, दुकानांच्या पडवीत, जिथं सावली मिळेल तिथं पसरतात. आमची जागा ठरलेली आहे, एका गोठ्याशेजारचं चिंचेचं झाड. मालक दरवर्षी आदल्या दिवशी जागा झाडून ठेवतो आणि दोन पिंप पाणी भरून ठेवतो. पैसे घेत नाही. पंढरपुरातून त्याच्यासाठी बुक्का आणि तुळशीची माळ न्यायची, एवढंच.

फराळ इथं वाटायचा तो शाळेतूनच डब्यांत भरून आणलेला. उकडलेले बटाटे, दाण्याचे लाडू, ताक. ताकाचे दोन कॅन एका दूधवाल्यानं पहाटेच आणून ठेवलेत. तळलेलं काही नाही. चढायच्या आधी तळण खाल्लं की घाटात छातीत जळजळ होते आणि माणूस घाबरतो, त्याला वाटतं काहीतरी झालं.

जेवणापेक्षा इथं पायांकडं जास्त बघायचं. फोड आला असेल तर फोडायचा नाही, पट्टी लावायची आणि मोजा बदलायचा. मोजे आत ओले झाले असतील तर पाय पुसून कोरडे करायचे. हे सांगून कुणी ऐकत नाही, म्हणून पखवाजवाल्यांपासून सुरुवात करायची. त्यांनी पाय पुढं केले की बाकीचे करतात.

पहाटेच्या गटाची खबर इथं मिळाली. शेजारच्या गावातला एक पोरगा वरून सायकल हातात धरून उतरत होता, त्याच्याकडं आमच्या मुलानं चिठ्ठी दिली होती. सगळे अकराच्या आत वर पोचले, एकीला चक्कर आल्यासारखं झालं, खडीसाखर दिली, आता बरी आहे. फोन लागत नाही तिथं चिठ्ठी लागते.

दुपारी तीन

दिवे घाट. चार-पाच किलोमीटरची चढण, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली मस्तानी तलाव. माउलींच्या रथाला इथं जादा बैलजोड्या जुंपतात, एरवीच्या जोडीला हा चढ ओढवत नाही. वळणावर उभं राहून खाली पाहिलं तर रस्ता दिसत नाही, फक्त माणसं आणि पताका वर सरकताना दिसतात. छायाचित्रकार याच वळणासाठी सकाळपासून कठड्यावर जागा धरून बसलेले असतात.

मला त्या वळणावर वेगळं काम असतं. घाटात दिंडी लांबते. पताका वरच्या वळणावर आणि शेवटच्या बायका खालच्या वळणावर, असं झालं की टाळ आणि पखवाज यांचा मेळ सुटतो आणि चालायचा जोरही जातो. म्हणून विणेकऱ्यांना सांगितलेलं असतं, पाऊल लहान टाका. चढावर वीणा ज्याच्या गळ्यात, त्याची चाल ती दिंडीची चाल. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, तेवढा क्षणभर पाठीमागच्यांना दम घ्यायला मिळतो. चढावर ही अदलाबदल नेहमीपेक्षा लवकर लवकर करायची, एवढा बदल आमच्या महाराजांनी मान्य केलाय.

आजींपाशी पोचलो तेव्हा त्या दुसऱ्या वळणावर होत्या. तुळस डोक्यावर, एक हात वृंदावनाला, दुसऱ्या हातानं शेजारणीच्या खांद्याचा आधार. ओठ हलत होते. मी म्हटलं, "आजी, तुळस द्या थोडा वेळ. मी धरतो."

"तुमाला जमायचं न्हाई. तुमचं ध्यान फोनात."

मी फोन खिशात घातला. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "सकाळी रागावलाव का?"

"नाही. काळजी वाटली."

"काळजी बराबर हाय. पर तुमी आमा म्हाताऱ्यांला अंधारात काढता. ना टाळ, ना पखवाज. मुक्यानं चालायला लावता व्हय? तसं चालायचं असतं तर गावातल्या गावात चालले असते."

यावर उत्तर नव्हतं. पाणी, केळी, खडीसाखर, गोळ्या, मागं चालणारा पोरगा, सगळं त्या गटाला दिलं होतं. भजन दिलं नव्हतं.

संध्याकाळी साडेपाच

झेंडेवाडी. घाट संपला की माणसं बसत नाहीत, कोसळतात. हडपसरच्या मित्रमंडळींचा टेम्पो काल सांगितलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात उभा होता. पाण्याचे जार, केळी, लिंबाचं सरबत. त्यांची पोरं खरोखरच आली होती आणि रस्त्यात उभं राहून पेले पुढं करत होती. मंडळींतले एक गृहस्थ, जे वैशाखात नाराज झाले होते, ते घामाघूम होऊन जार उलटा करत होते. मला बघून म्हणाले, "माउली, जार कमी पडले. पुढच्या वर्षी दुप्पट आणतो." घेणारा तहानलेला असला की देणाऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही.

संध्याकाळी साडेसात

सासवड. सोपानकाकांची समाधी इथं आहे, कऱ्हेच्या काठी. थोरल्या भावाच्या पालखीचा मुक्काम धाकट्याच्या गावी, म्हणून सासवडकरांना या मुक्कामाचं अप्रूप. सोपानकाकांची पालखीही इथूनच पंढरपूरला निघते.

आमचा मुक्काम पालखीतळापासून काही अंतरावरच्या एका रानात. जुन्या जागेवर आता प्लॉटिंग झालंय, तारेचं कुंपण आलंय. सासवडच्या आजूबाजूला असं झपाट्यानं होतंय, त्यामुळे जागा बघण्याचं काम चैत्रात उरकावं लागतं. नवीन रान थोडं उताराचं आहे, पण जमीन मुरमाड. काळ्या रानापेक्षा बरी. पाऊस आला तरी पाय रुतत नाहीत आणि खुंटी धरते.

ट्रक सकाळीच लागला होता. राहुट्या उभ्या, जनरेटर चालू, लांब पट्टीवर मोबाइल चार्जिंगची बटणं आणि त्यावर राहुटीचे नंबर. फिरती शौचालयं तळाच्या बाजूला रांगेत उभी आहेत, पोरांनी वाट दाखवायला चुन्याची रेघ मारलीय. पहाटेचा गट दुपारपासून इथं आलेला, आंघोळी करून पाय पसरून बसलेला. आल्या आल्या प्रत्येकाला गरम पाण्याचा तांब्या पायावर घ्यायला. हे पाणी तापवायला लाकूड लागतं, गॅस त्यात घालवायचा नाही.

दिंडी आली की आधी यादी. राहुटीप्रमाणे राहुटीप्रमुख नावं वाचतो. आज सगळे आहेत. एक टाळकरी हडपसरला नातेवाइकांकडं थांबलाय, पण तो सांगून गेलाय.

फराळ वरईचा भात आणि दाण्याची आमटी. अडीचशे पानांना बावीस किलो वरई. वाढताना आधी पहाटेचा गट, मग टाळकरी, मग बाकीचे. वाढपी सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्यासाठी आमटी राखून ठेवायची जबाबदारी आचाऱ्याची.

रात्री नऊ

माउलींचा रथ तळावर आला की समाज आरती. दिंड्या तंबूसमोर गोल उभ्या राहतात, टाळ एकसारखे वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि टाळ थांबतात. एवढ्या माणसांचा आवाज एका काठीच्या इशाऱ्यावर बंद होतो. कुठल्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडं जातात, ऐकून घेतात, तिथंच निवाडा. हरवलेलं-सापडलेलं पुकारलं जातं, पुढच्या दिवसाची सूचना होते आणि मग आरती.

आमचे दोन जण या वेळी कान लावून उभे असतात. सूचना ऐकून येऊन सगळ्या राहुट्यांना सांगायची. आज आमचे टाळ वेळेवर थांबले. तक्रार नव्हती.

रात्री साडेदहा

उद्या द्वादशी. चालायचं नाही, मुक्काम सासवडलाच, म्हणून लोकांना वाटतं व्यवस्थापकाला सुट्टी. पण बारस सोडायची असते. सकाळी लवकर पानं पडली पाहिजेत, आणि फराळाचे दोन घास घेऊन दिवसभर चाललेली माणसं जेवायला बसली की नेहमीपेक्षा जास्त जेवतात. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, शिरा. आचाऱ्याला दोनला उठवायचं. डाळ आताच भिजवायची. दुपारी कपडे धुणं, केस कापणं, चपला शिवणं. गॅसची तीन सिलिंडरं बदलायची. परवा जेजुरी, मग वाल्हे, मग नीरा स्नान करून लोणंद. लोणंदला किती मुक्काम, हे तिथीच्या क्षयवृद्धीवर. त्याप्रमाणे तिथल्या टँकरवाल्याशी एका दिवसाचं बोलायचं की दोन, ते पंचांग बघूनच ठरवलंय.

पंचांग आम्हाला दुसऱ्या कारणानंही लागतं. २०२३ला आषाढी २९ जूनला आली, २०२४ला १७ जुलैला. वारी लवकर आली की मृगाच्या पेरण्या राहिलेल्या असतात. मग माणसं म्हणतात, पाऊस बघून सांगतो. पानं दोनशेवर येतात. वारी उशिरा आली की पेरणी उरकलेली असते आणि पानं अडीचशेच्या पुढं जातात. भिशीचा आकडा वैशाखात लिहायचा आणि तो पाऊस बदलणार, हे गृहीत धरूनच किराणा भरायचा.

रोजखर्चाची वही लिहिली. डिझेल, ताक, पोरांचा चहा, जनरेटरचं ऑइल. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षाच्या नोंदी असतात. झेंडेवाडीला जार दुप्पट. चिठ्ठी घेऊन खाली येणाऱ्या पोराला सायकलचं टायर. आणि पहाटेच्या गटात दोन टाळकरी, एक पखवाज, एक तुळस. टाळकऱ्यांना तेवढ्या दिवशी दीडलाच उठवावं लागेल. ते कुरकुरणार, पण त्यांना समजावण्याचं काम मी आजींवर सोपवणार आहे.